शिशाचा पत्रा मागणारे आजोबा

मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण कोणी सुईत दोरा ओवताना दिसलं की ती दुपार अजूनही डोळ्यांसमोर उभी राहते. तेव्हा मी घाटकोपरच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो.

खबर आणली एका भंगारवाल्याने. "साहेब, एक म्हातारा तीन दिवस रोज येतोय. शिशाचा पत्रा मागतो. कशाला म्हटलं तर बोलतच नाही."

शिसं म्हटलं की आमच्या डोक्यात आधी बंदुकीची गोळी येते. स्टेशन डायरीत नोंद केली आणि शिपाई पाठवून म्हाताऱ्याला बोलावून घेतलं.

आले ते ऐंशी ओलांडलेले आजोबा. मूळचे कोकणातले, स्वच्छ धुतलेला सदरा, जन्मभर घड्याळाच्या कारखान्यात नोकरी.

"आजोबा, शिसं कशाला हवंय?"

"घरकामाक."

"कसलं घरकाम?"

आजोबांनी मान फिरवली. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. मी तापट माणूस, ठाण्यात सगळे मला टरकून असत. पण आजोबा ढिम्म! एवढंच म्हणाले, "माझ्या घरात येव नका, साहेब. हात जोडतंय." झालं, माझा संशय पक्का झाला. मी झडतीची तयारी करायला सांगितलं.

त्याच खोलीत आमची एक महिला शिपाई गणवेशाचं तुटलेलं बटण शिवत बसली होती. दुसऱ्या दिवशी परेड होती. दोरा सुईत जाईना, म्हणून तिने त्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं.

"तोंडात घालू नको गो, चेडवा!"

आजोबा एवढ्या जोरात ओरडले की पोरगी दचकून उभीच राहिली. आणि ते ढसाढसा रडायला लागले.

मी खुर्ची जवळ ओढली, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अंधारात वेळ दिसावी म्हणून तेव्हा घड्याळाच्या आकड्यांना रेडियमचा रंग लावत. आजोबांची बायको ते काम घरी बसून करायची. ब्रशाचं टोक बारीक राहावं म्हणून दर आकड्याला ती तो ओठांत धरायची.

"मीच शिकवलं तिला," आजोबा म्हणाले. "सणाला नखांना लावून अंधारात हात नाचवायची, हसायची. मग दात पडले, जबडा सडला. तिशीत गेली हो!"

तिचं घड्याळ, ब्रश आणि उरलेली बाटली त्यांनी एका डब्यात जपली होती. "त्या रंगाची चमक कधीच गेली. म्हटलं, विषही गेलं असेल. पण पुढच्या आठवड्यात नात बाळंतपणाला येतेय, तेव्हा मनात पाल चुकचुकली. एक्स-रेवाला शिशाचा अ‍ॅप्रन घालतो ना, म्हटलं तसं डब्याला शिसं गुंडाळू. तुम्हाला सांगितलं तर डबा नेणार. साहेब, तिचं दुसरं काहीच नाही माझ्याकडे. फोटोसुद्धा नाही."

मला माझ्या आपटलेल्या हाताची लाज वाटली.

ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातून जाणकार आजोबांच्या घरी आले. डब्याजवळ नेताच त्यांच्या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राची टकटक वाढली. त्यांच्यातली एक तरुण बाई आजोबांशेजारी बसून म्हणाली, "आजोबा, थकते ती रंगात मिसळलेली चमकणारी भुकटी. रेडियम नाही थकत. सोळाशे वर्षांनी कुठे ते निम्मं होतं. आणि एके काळी लोक हेच औषध म्हणून पाण्यातून प्यायचे. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यात तुमची काय चूक?"

डबा होता त्या फळीखालीच नातीची खाट घातलेली होती. आजोबांनी एकदा डब्याकडे, एकदा त्या खाटेकडे पाहिलं.

"नेवा," शेवटी म्हणाले. "तिका वाचवूक जमला नाय. नातीक तरी..."

माझे डोळे भरून आले, आणि ते मी कोणापासून लपवले नाहीत.

गप्प बसणारा माणूस गुन्हाच लपवतोय, असं मी तोवर धरून चालायचो. काही माणसं दुःख लपवतात, हे मला त्या एका बटणाने शिकवलं. त्यानंतर चौकशीत टेबलावर हात आपटण्याआधी मी पाण्याचा ग्लास पुढे करू लागलो.

दीड महिन्याने आजोबा बर्फी घेऊन ठाण्यात आले. पणती झाली होती, आणि तिला पणजीचंच नाव ठेवलं होतं. जाताना त्यांनी त्या महिला शिपायाला जवळ बोलावलं आणि सुईत दोरा ओवायची छोटी तार तिच्या तळहातावर ठेवली.

"आता तोंड लावू नको हां, चेडवा."