एड्सची बातमी तालमीत आली तेव्हा

तालमीतले किस्से म्हणजे कुस्तीच्या हौद्यातली माती! कितीही घासून आंघोळ करा, कानामागं थोडी उरतेच. अजूनही संध्याकाळी डोळे मिटून बसलो की तेलाचा वास येतो, तांबडी धूळ उन्हात तरंगताना दिसते आणि ऐंशीच्या दशकातली आमची सगळी मंडळी एकेक करून हौद्यात उतरतात.

* * *

तालमीत मी एकटाच बी.ए. त्यामुळं पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडं. एकदा एड्सची बातमी वाचली. बंडा पैलवान थंडाई घोटता घोटता थांबला.

"कुठल्या गावचं दुखणं म्हणायचं हे?"

"अमेरिकेत लई पेशंट हायत."

"मग झालं! कोल्हापुरात यायला त्येला पासपोर्ट लागंल की!"

सगळी तालीम हसली.

* * *

हसणं फार टिकलं नाही. संपत आमच्याच तालमीतला, बंडाचा कुस्तीतला जोडीदार. पुढं ट्रकवर ड्रायव्हर झाला. तो मुंबईत आजारी पडला, तिथं रक्त तपासलं, तर हाच आजार निघाला! आता तो घरी यायला निघाला होता. त्याचा भाऊ आमच्या वस्तादांना सांगायला आला.

"वस्ताद, त्येला तालमीत येऊ द्याल न्हवं? त्येवढंच इचारतोय सारखं."

सगळ्यांना भीती वाटत होती, मलाही.

* * *

बंडानं कुठंतरी ऐकलं, डास चावूनही होतो. दुसऱ्या दिवशी गडी मच्छरदाणी घेऊन हजर! दुपारी वारा सुटला की जाळी हळूहळू हलायची आणि आतला अवाढव्य बंडा ढगात तरंगल्यासारखा दिसायचा.

वस्ताद म्हणाले, "ह्यो डासाला भितोय, आन् कुस्तीच्या पोस्टरवर ह्येला वाघ म्हणून छापत्यात!"

* * *

पण वस्तादांनी तरी काय केलं? हौद्याच्या मातीत हळद, ताक, लिंबू नेहमीच घालतात. त्यांनी हळद चौपट केली. "आता कुठला जंतू जगतोय बघू!"

जंतूंचं माहीत नाही, आम्ही मात्र पिवळेधमक झालो. घरी गेलो, तर आई दारातच उभी.

"परस्पर हळद लावून आलास व्हय रं? पोरगी कुठली?"

* * *

शेवटी वस्तादांनी राजारामपुरीतल्या आमच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "ऐकीव सांगणार नाही. आठवडाभर द्या, नीट माहिती काढतो."

बंडा कुजबुजला, "ह्येंलाबी म्हाईत न्हाय! मग आता इचारायचं कुणाला?"

मुंबईत डॉक्टरांचे जुने सर अशा पेशंटवर उपचार करत होते. डॉक्टर त्यांना भेटून आले आणि हौद्याच्या काठावर बसून सगळं सांगितलं. निरोध न वापरता ठेवलेल्या संबंधातून होतो, लागण झालेल्या रक्तातून, दूषित सुईतून, आईकडून बाळाला होतो. जखम असेल तर रक्ताला जपायचं. पण हात धरल्यानं होत नाही, घामानं नाही, एका ग्लासातनं पाणी प्यायल्यानंही नाही.

"आन् डास?"

"नाही."

"देवाची आण घ्या!"

"आण घेऊन रोग कळत नाही, पैलवान. तपासून कळतो. हे तपासलेलं आहे."

बंडानं त्याच दिवशी मच्छरदाणी घरी नेली.

* * *

संपत आला तेव्हा ऊन तिरपं होऊन हौद्यात उतरलं होतं. किती वाळला होता! तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आत ये की," वस्ताद म्हणाले.

"नगो वस्ताद. हितनंच बघतो."

बंडा घामानं निथळत उठला. मूठभर माती घेऊन उंबऱ्यापर्यंत गेला आणि ती संपतच्या हातावर ठेवली. हे कुस्तीचं आमंत्रण!

"बंडा, अंगात काय ऱ्हायलं न्हाय रं."

"मग भ्यालो म्हण की!"

संपतनं शर्ट काढला. दोघं हौद्यात उतरले, सलामी झाली, कपाळाला कपाळ लागलं. तसेच कितीतरी वेळ उभे राहिले. धूळसुद्धा थांबल्यासारखी वाटत होती. मग संपतनं आपला काटकुळा हात बंडाच्या खांद्यावर ठेवला, आणि शंभर किलोचा बंडा धाडकन उताणा!

"चितपट!" वस्ताद गरजले.

पडल्या पडल्या बंडा ओरडला, "आयला संपा, कुठला डाव टाकलास रं?"