धवलारणीची साक्ष

आमच्या गावात लग्न ठरलं की पत्रिका छापायला जाण्याआधी माझ्या आईला निरोप यायचा. आई धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीची गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्याशिवाय हळद लागत नाही. आईला अक्षर येत नव्हतं, पण शेकडो धवले पाठ होते. पनवेल–उरण रस्त्यावरच्या आमच्या आणि आसपासच्या चार गावांतल्या किती पोरी तिच्या आवाजावर सासरी गेल्या, हे तिलाही सांगता येणार नाही.

मी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बाबांना अपघात झाला. गावाची शेतं जाऊन तिथे कंटेनरची यार्डं झाली होती आणि बाबा त्यातल्याच एका यार्डात कामाला होते. न्हावा शेवा बंदरातून आलेला ट्रेलर मागे घेताना ड्रायव्हरला ते दिसले नाहीत. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पनवेलच्या दवाखान्यात आम्ही दीड महिना काढला.

त्या दीड महिन्यात आई एकच काम नेमानं करायची. सकाळी बाबांचं तोंड धुवून झालं की खिडकीशी उभी राहून त्या ड्रायव्हरला शिव्याशाप द्यायची. त्याच्या आईबापांना, त्याच्या होणाऱ्या मुलांना. शेजारच्या खाटेवर कळंबोलीचे एक गृहस्थ होते. त्यांची बायको दुपारी नवऱ्याला बायबलातला नवा करार वाचून दाखवायची, हळू आवाजात, पण पडद्यापलीकडे ऐकू येईल इतपत. आई आधी वैतागायची. मग गप्प ऐकू लागली. एक दिवस त्या बाईंनी पुस्तक मिटलं तशी आई पडद्याआडून म्हणाली, "अवो, थांबू नका. त्या क्रुसावरच्याचं पुढं काय झालं?"

त्या बाईंनी पुढचं वाचलं. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठीच त्यानं क्षमा मागितली, ते वाक्य आईनं दोनदा वाचायला लावलं. रात्री जेवली नाही. ते गृहस्थ घरी जाताना त्यांच्या बायकोनं पुस्तक आईच्या हातात दिलं आणि आईनं ते माझ्या हातात.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचत गेले. श्रद्धेनं वगैरे नाही. आईला विरंगुळा म्हणून, आणि खरं सांगायचं तर शिव्या थांबल्या म्हणून. घरी आल्यावरही भांडी झाली की ती पदराला हात पुसत येऊन बसायची. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. येशूच्या थडग्याशी रडत उभ्या राहिलेल्या त्याच्या शिष्येची, मरियेची, गोष्ट वाचली, तेव्हा तिनं मला थांबवलं.

"म्हंजे जिता झाल्याची खबर त्यानं सगल्यात पयली बाईला दिली?"

"हो."

"आनि तिलाच बोलला, जा नि सांग?"

"हो, तसंच लिहिलंय."

आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "उद्या कळंबोलीला जायचं. तू संगती चल, मना हिंदी नाय जमत."

बाबांच्या यार्डातल्या एकानं आईला गुपचूप सांगितलं होतं, तो ड्रायव्हर तिथल्या लोखंड बाजारामागे एका खोलीत लपून राहत होता. तेवीस-चोवीस वर्षांचा, उत्तरेकडचा. आमच्या गावची माणसं त्याला शोधत होती, हे त्याला माहीत होतं. दार उघडून आम्हाला बघितलं आणि त्यानं हातच जोडले. आई म्हणाली, "त्याला सांग, मी रोज तुला शाप देत व्हते. ते शाप मी मागं घेतले. माजं तुज्याशी वैर नाय." मी हिंदीत सांगितलं. तो दारातच खाली बसला आणि रडू लागला. आईही त्याच्यासमोर उकिडवी बसली. मग तिनं, तिला आलं तसं, येशूनं आपल्याला कसं माफ केलं ते त्याला सांगितलं. मी अनुवाद करत होते आणि मध्येच ते तिचं म्हणून नाही, माझं म्हणून सांगू लागले. आईनं दिलेली ती पहिली साक्ष. त्या दिवशी वाचणारी मी आणि विश्वास ठेवणारी ती, असं अंतर उरलं नाही.

गावात ही बातमी आमच्याआधी पोचली. ज्या माणसांना त्या पोराला धडा शिकवायचा होता, त्यांना तो अपमान वाटला. त्यात आईनं लपवाछपवी केली नाही. पाणवठ्यावर, रिक्षात, बाजारात, कुणी "भावजींचा पाय कसा हाय?" विचारलं की ती पायाचं सांगायची आणि पुढे येशूचं सांगायची. कळंबोलीच्या त्या बाई रविवारी आमच्याकडे येऊ लागल्या. आधी आम्ही चौघं, मग गावातल्या तीन बाया. आईनं धवल्याच्या चालीवर स्वतःचं गाणं बांधलं होतं, ते ती प्रार्थनेआधी म्हणायची:

पाटंच्या ग पारी बाय आली थडग्याच्या दारी,
धोंडा लोटला बाजूला, रडं उभी एकली नारी.
नाव घेऊन हाक आली, वलकला ग तिनं धनी,
जा नि सांग माज्या भावांना, मी जिता हाय म्हनी.

चाल ऐकून माणसं जास्त भडकली. आमच्या देवांची चाल तिकडं नेली, असं झालं. गावकी बसली. देवळासमोरच्या मंडपात पुरुष खुर्च्यांवर, आम्ही खाली सतरंजीवर. बोलायला उभा राहिला तो माझा सख्खा काका, बाबांचा धाकटा भाऊ. दवाखान्यात रात्र रात्र बसलेला, बाबांना उचलून संडासात नेणारा तोच काका. म्हणून ते जास्त लागलं.

"वयनी, आपल्या देवाला काय कमी व्हतं?" तो म्हणाला.

"मी तुमच्या देवाला वाईट बोलले असेन तर सांगा. मी माज्यावर काय गुदरलं ते सांगते."

"तुजा येशू येवढा मोटा हाय, तर दादाचा पाय का नाय परत देत?"

काही माणसं हसली. मी मान खाली घातली. हे मी लपवणार नाही. मला त्या क्षणी तिथून उठून जायचं होतं.

आई उभी राहिली. पदर खोचला, जसा ती धवले म्हणायच्या आधी खोचते. "भावजी, पाय गेला तो गेला. मी पायासाठी नाय गेले त्याच्याकडं. माज्यात इख व्हतं. दीड महिना मी एका पोराला मरन मागत व्हते, आनि त्याच तोंडानं तुमच्या लेकींना आशीर्वाद देनार व्हते. ते इख त्यानं काढलं. त्याचं रगत माज्या पापासाठी सांडलं, तुमच्याबी पापासाठी सांडलं. तुमाला नको तर नको घेऊ, जबरी नाय. पन मी सांगायची थांबनार नाय."

कुणीतरी ओरडलं, "मग गावाचं कार्य तुला बंद!"

तेव्हा बाबा कुबड्या सावरत उठले. बाबा फार कमी बोलायचे. "तिला बंद तर मलाबी बंद," ते म्हणाले, आणि आम्ही तिघं घरी आलो.

निर्णय पाळला गेला. पुढे दोन वर्षं गावातल्या एकाही लग्नाला आम्हाला बोलावणं नव्हतं. हळदीचा बँजो वाजला की आई पुढचं दार लावून घ्यायची आणि आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसायची. त्याच घड्या पुन्हा मोडून पुन्हा घालायची. नवीन धवलारीण दुसऱ्या गावाहून यायची. ती एखादी ओळ चुकली की आईच्या ओठांवर बरोबर ओळ यायची, मी बघितलंय. पण रविवार एकही चुकला नाही. एकदा कुणीतरी पोलिसांत तक्रार केली की या घरात बायकांना फसवून बाटवतात. हवालदार आले, त्यांनी प्रत्येकीला वेगळं विचारलं. गावातल्या त्या तिघींपैकी सर्वांत म्हातारी म्हणाली, "साहेब, मना कोन फसवील? मी माज्या पायानं आले, माज्या पायानं जाईन." हवालदारांनी जबाब लिहून घेतले, चहा नको म्हणाले आणि गेले. त्या तिघींतल्या एकीला मात्र मुलानं नंतर येऊ दिलं नाही. आई तिच्या दारावरून जाताना आजही हाक मारते.

मग काकाच्या मुलीचं लग्न ठरलं. ही माझी चुलतबहीण आईच्या मांडीवर वाढलेली. तिनं घरात सांगितलं, थोरल्या काकीनं धवला म्हटल्याशिवाय मी हळदीच्या पाटावर बसणार नाही. काकानं समजावलं, रागावला, शेवटी स्वतः आमच्या ओट्यावर आला. दोन वर्षांनी.

"पोरगी ऐकत नाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "येशील?"

"येईन की. माजीच पोर ती. हळदीचं, आईबापाचं, सासरी जायाचं, सगलं म्हनीन. देवांना आवतन द्यायाचं तेवढं दुसरीनं म्हनावं. ते आता माज्या तोंडून नाय निघायाचं."

"लोकं इचारतील."

"इचारलं तर सांगीन."

काका उठला आणि निघून गेला. आम्हाला वाटलं, संपलं. हळदीच्या दिवशी सकाळी काकी धावत आली आणि म्हणाली, "चल बाय, पोरगी रडतंय."

आवतनाचे धवले दुसऱ्या धवलारणीनं म्हटले, आई शांत बसून राहिली. मग हळद लागताना आईनं आवाज लावला आणि मांडवातल्या बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. दोन वर्षं तो आवाज कुणी ऐकलेला नव्हता. मध्ये थोडी उसंत झाली तेव्हा नवऱ्या मुलीच्या आजोळची एक म्हातारी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "एवढा गला हाय तुजा, मग देवांच्या वक्ताला गप का बसलीस ग?"

काका हातात नारळ घेऊन उभा होता. आई त्याच्याकडे बघू शकली असती आणि विषय टाळू शकली असती. मला मनातून तेच हवं होतं.

"आजी, मी येशूची झाले," आई म्हणाली. आणि तिनं सांगितलं. ड्रायव्हर, शाप, क्रूस, उघडं थडगं, सगळं. दोन-तीन मिनिटं असतील. पुरुषांच्या बाजूनं कुणी उठलं, खुर्ची सरकली, "बस झालं!" असा आवाज आला. आईनं वाक्य अर्धं सोडलं नाही. "तो जिता हाय, नि तो तुमालाबी नावानं वलकतं," एवढं म्हणून ती थांबली, पोरीच्या गालावरची ओघळलेली हळद बोटानं पुसली आणि पुढचा धवला सुरू केला. काही माणसं जेवायला न थांबता निघून गेली. काकानं आईला हाकललं नाही. नारळ तसाच हातात धरून तो शेवटपर्यंत उभा राहिला.

त्या लग्नानंतर सगळं गाव बदललं, असं झालं नाही. दोन बाया रविवारी यायला लागल्या, त्यातली एक नवऱ्या मुलीच्या सासरकडची. गावकीनं बंदी उठवली असं कुणी कधी म्हटलं नाही, पण बोलावणी हळूहळू यायला लागली. काका अजून आमच्यात येत नाही, येईल असंही दिसत नाही. पण आता संध्याकाळी बाबांजवळ ओट्यावर बसतो, आणि बाहेरचं कुणी आईविषयी वेडंवाकडं बोललं तर म्हणतो, "आमची वयनी कोनाचं ऐकत नाय, पन खोटं नाय बोलत." हे सांगताना त्याची छाती जरा पुढे येते.

मी नवीन पनवेलच्या एका शाळेत शिकवते. कित्येक वर्षं तिथे मी घरचं काही बोलले नव्हते. गेल्या वर्षी स्टाफरूममध्ये डबे उघडले असताना एक सहकारी मैत्रीण हसत म्हणाली, "अगं, तुमच्या त्या बाजूला कुणी धवलारीण आहे म्हणे, लग्नात येशूचा प्रचार करते. व्हिडिओ आलाय ग्रुपवर. काय एकेक लोक असतात!"

मी पोळीचा घास डब्यात ठेवला. समोर सहा-सात जणी होत्या.

"ती माझी आई," मी म्हणाले. "आणि ती जे सांगते ते मीही मानते. तुला ऐकायचं असेल तर मी सांगते."

मैत्रीण लाल झाली, सॉरी म्हणाली. दोघीजणी डबे घेऊन दुसऱ्या टेबलावर गेल्या. एक नुकतीच लागलेली शिक्षिका मात्र बसून राहिली आणि म्हणाली, "सांगा ना." मधली सुट्टी संपेपर्यंत मी सांगत होते. नीट सांगता आलं नाही, अडखळले, एक-दोन गोष्टी मागेपुढे झाल्या.

घरी येऊन आईला सांगितलं. ती निवडलेली कोलंबी धूत होती. तिनं मान वर केली.

"आवाज कापला?" तिनं विचारलं.

"खूप."

"माजाबी कापतं. गावकीत तर पाय लटलट कापत व्हते, म्हनून पदर घट्ट खोचला," ती म्हणाली, आणि कोलंबीचं पाणी ओतून दिलं. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या आईला भीतीच वाटत नाही. त्या संध्याकाळी मी तिच्याशेजारी उभी राहून वाटण वाटलं, आणि मला तिचा आधीपेक्षा जास्त अभिमान वाटला.