मोरीवरचं डबकं

पावसाळ्यातला बोईसरचा रस्ता मला तोंडपाठ आहे, अशी माझी घमेंड होती. तारापूरला माझं शिलाईचं दुकान. अस्तर, बटणं, दोरे आणायला बोईसरच्या बाजारात सायकलवरून जाणं नेहमीचंच. कुठल्या खड्ड्याला वळसा द्यायचा, कुठल्या डबक्यात शिरण्याआधी जोरात पायडल मारून मग पाय वर घ्यायचे, सगळं ठरलेलं. डबक्यात वेग कमी झाला की चाक रुततं, म्हणून पाणी दिसलं की आम्ही सायकलवाले उलट जोर धरायचो. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

अणुवीज केंद्राचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझी पाच वर्षांची सुमन तापानं फणफणली आणि तिच्या घशातून घरघर ऐकू येऊ लागली. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला आणि मला ओसरीवर नेऊन सांगितलं, "घटसर्प आहे. इंजेक्शन माझ्याकडे नाही, पालघरला मिळेल. आज दिवसाउजेडी आणा." देवाशी तेव्हा माझं पटत नव्हतं. आमचा थोरला मुलगा असाच तापात गेला होता आणि त्यानंतर मी गावदेवीपुढे हात जोडणं सोडलं होतं. मी निघालो तेव्हा बायको दिवा लावत होती. तिच्याकडे न बघताच मी सायकल काढली.

पावसानं एस.टी. बंद होती. बोईसरपर्यंत सायकल, पुढे रेल्वेनं पालघर, असं करून काचेच्या कुप्यांची ती छोटी पेटी मिळवली. परत बोईसरला उतरून सायकलवर टांग टाकली तेव्हा पेटीची पिशवी हँडलला अडकवली होती. प्रत्येक खड्ड्याला कुप्या किणकिणत आणि मी एका हातानं पिशवी सावरून धरी. सुमनचा श्वास चालू असेल ना, एवढा एकच विचार डोक्यात फिरत होता.

कुरगावच्या अलीकडे मोरीवरचं डबकं दिसलं. सकाळी मी त्यातूनच पाय वर घेऊन गेलो होतो. आता जोर धरणार, एवढ्यात रस्त्याच्या कडेनं हाक आली, "ए भावा, पाटीला हात लाव रे!" सुकी मासळी विकून परतणारी एक कोळीण, बदल्यात मिळालेल्या भाताची जड पाटी खाली ठेवून उभी होती. अशी भरली पाटी एकट्या माणसाला डोक्यावर चढवता येत नाही, आणि हात मागितला तर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. त्या घटकेला मात्र मी मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोललो. तरी पाय आपोआप खाली टेकला.

पाटी तिच्या डोक्यावर ठेवून वळतो तो एक म्हैस डबक्यात शिरली आणि बघता बघता मानेपर्यंत आत गेली. गुराखी ओरडत धावला. रस्त्याखालची मोरी वाहून गेली होती. वरचं पाणी मात्र सकाळी होतं तसंच, निवांत. आत गेलो असतो तर मी कदाचित निघालो असतो. कुप्या निघाल्या नसत्या.

"शेतातून उतर. सायकल खांद्यावर घे," ती म्हणाली. मग हँडलच्या पिशवीकडे बघून, "आन ती दे पाटीत."

"त्यात माझ्या पोरीचं औषध आहे, बाई."

"म्हणून तर दे. तू पडशील, मी नाय पडायची."

मी दिली. दिल्याबरोबर वाटलं, हे काय करून बसलो! ना नाव ठाऊक, ना गाव. ती गुडघाभर पाण्यातून सरसर पुढे गेली आणि ताडांच्या आड दिसेनाशी झाली. मी चिखलात दोनदा आपटलो. सायकलखाली पडल्या पडल्या, किती वर्षांनी कोण जाणे, तोंडून शब्द निघाले, "आई, आता तूच बघ."

बांधावर चढलो तर ती रस्त्यावर ताठ उभी, पाटी डोक्यावर तशीच.

"मी थांबल्ये कवाची," ती करवादली, "तुझी पिशवी काढून घे. पोरगी वाट बघते ना?"

पेटी अगदी कोरडी होती. नमस्कार करायचंही मला सुचलं नाही. सायकलवर बसलो तो डॉक्टरांच्या दारातच उतरलो.

त्या रात्री सुमनची घरघर हळूहळू कमी झाली आणि दुसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली. बायको रडली, मीही रडलो. पुढे किनाऱ्यावरच्या गावांत त्या बाईची चौकशी केली, पण तशा पाटीवाल्या शेकड्यांनी. ती कोण होती यावर मी कुणाशी वाद घालत नाही. देवीच्या देवळात मात्र पुन्हा जाऊ लागलो.

भक्ती म्हणजे आपण होऊन काही अर्पण करणं, असं लोक म्हणतात. मी तसं काही केलं नाही. माझे दोन्ही हात सायकलीत गुंतले होते, म्हणून माझी लेक मी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली. हात मोकळे असते तर मी ती कुणालाच दिली नसती.