बाबा पट्ट्यावरून चौथ्या मिनिटाला उतरले

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला, त्यामुळे इंग्रजीतला प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. बाबांनी मेथी-पालक पिकवून, विकून मला शिकवलं, त्याची जाणीव आहे. तरी त्या दिवशी अमरावतीत, राजापेठेतल्या दवाखान्यात त्यांचा रिपोर्ट वाचताना माझी फार चिडचिड झाली.

महिनाभरापासून विहिरीपर्यंत चालत गेलं की बाबांची छाती भरून यायची. झोपवून काढलेल्या कार्डिओग्रामची पट्टी चांगली आली. आरामात असलेल्या हृदयाचा त्रास त्यात दिसेलच असं नाही, असं सांगून डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट करायला लावली. पण बाबांनी अकोल्याच्या ताईला आधीच फोनवर कळवलं होतं, "पट्टी साफ हाये."

टेस्ट घेणाऱ्या तरुण मॅडमनी छातीला वायरी लावून त्यांना चालत्या पट्ट्यावर उभं केलं. चौथ्याच मिनिटाला 'बस' म्हणून ते उतरले. रिपोर्टमध्ये आलं, ठोके हवे तितके वाढले नाहीत, निष्कर्ष काढता येत नाही.

"इतक्यात थकले?"

"थकलो कुठं? बाहेर धा जनं बसले होते. त्या पोरीचा टाइम मी एकट्यानं काहून खायचा?"

भाजीबाजारात दुसऱ्याची गाडी अडली की आधी आपली पाटी उचलणारा हा माणूस. इथेही तेच.

"बाबा, तपासणी अर्धीच झाली. चांगलं की वाईट, काहीच कळलं नाही."

"वाईट नाही ना? मंग झालं. तुह्या बहिणीले सांग, खराबी निघाली नाही."

मी तीनदा समजावलं. तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली आणि चपला शोधू लागले. शेवटी आवाज चढवूनच विचारलं, "चालताना छाती भरून आली होती का?"

ते खाली पाहू लागले. "आली थोडीशी. उतरलो का गेली."

"त्या मॅडमनं विचारलं नाही?"

"इचारलं. म्या म्हटलं, काई नाही."

मी फाइल घेऊन पुन्हा आत गेलो, बाबांनाही नेलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. आता पुन्हा चालवायचं नाही, अँजिओग्राफी करू, तोवर ओझं उचलायचं नाही, म्हणाले.

बाहेर येताना बाबा फणफणले, "मी नाही म्हटलेलं त्याईले सांगाले तुले कोनं सांगतलं?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढायच्या आत मी ताईला फोन लावला.