घंटीसारखा आवाज

"आवाज कसा येतोय, सांगा! घंटीसारखा ना?"

जीप मिलच्या गेटबाहेर पडायच्या आत त्यांचा हा प्रश्न वायरलेसवर यायचा. घंटीसारखाच यायचा, कारण माणूस मला खिडकीतून समोर दिसत असायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात मी वायरलेसच्या सेटपाशी बसायचो आणि ते शेठच्या जीपवर ड्रायव्हर होते. अमळनेरकडचे, राहायला लिंबायतला. तापीपलीकडच्या इच्छापोरच्या आमच्या युनिटमधला फोन बहुतेक वेळा मेलेलाच असायचा, म्हणून शेठने एक सेट जीपमध्ये बसवला आणि मिलच्या गच्चीवर उंच एरियल उभं केलं. सेट बसवणारा निघून गेला आणि त्या क्षणापासून आमचे ड्रायव्हरभाऊ रेडिओशास्त्रज्ञ झाले. असे शास्त्रज्ञ तुमच्याही ऑफिसात असतील.

अडचण एवढीच होती, की तापी ओलांडली की त्यांचा आवाज तळणीतल्या कुरडईसारखा व्हायचा. मी म्हणायचो, "काही कळत नाही." ते म्हणायचे, "तुमचे कान तपासा, भाऊ."

मग संशोधन सुरू झालं. एरियल बंपरवर होतं, ते आरशाला बांधलं. आरसा पडला. मग दोन एरियलं लावली, म्हणजे रेंज दुप्पट. ती निम्मी झाली. एरियलला लिंबू-मिरचीही बांधून झाली. त्या आठवड्यात रेंज वाढल्याचं त्यांनी जाहीर केलं. माझ्यापर्यंत ती बातमी पोहोचली नाही.

शेवटी उधन्याच्या एका रेडिओ मेकॅनिकने सांगितलं, "एरियल टपाच्या मधोमध लाव. खालचा रंग खरवड, पत्र्याशी नीट अर्थिंग मिळू दे." हे ऐकून भाऊंनी "मी हेच म्हणत होतो" असं सांगितलं आणि शेठला न विचारता नव्या जीपच्या टपाला भोक पाडलं.

रेंज खरंच सुधारली. इच्छापोरहून त्यांचं खोकणंसुद्धा स्पष्ट यायला लागलं. पण पावसात त्याच भोकातून पाणी थेट शेठच्या डोक्यावर गळायला लागलं. "आ शुं कर्युं?" शेठ ओरडले. भाऊ शांतपणे म्हणाले, "शेठ, आवाज तर ऐका!" गाडीत छत्री उघडून बसणारे आमचे शेठ सुरतेत बहुधा एकटेच असावेत.

मग एका दुपारी इच्छापोरहून भाऊंचा सेट खरखरला. "भाऊ, वाफेचा पाइप फुटला. आपला एक माणूस भाजलाय. फोन बंद आहे. त्याला जीपमध्ये घेऊन निघालोय, दवाखान्यात सांगा." आवाज कसा येतोय, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

मी फोन लावला. भाजल्यावर उपचार करणारे डॉक्टर घरी निघाले होते, दवाखान्यातल्या माणसाने जिन्यात गाठून त्यांना थांबवलं. रस्ताभर सेट चालू होता. भाऊ मागच्या सीटवरच्या त्या माणसाशी अहिराणीत बोलत होते, "डोया मिटू नको रे दादा, दवाखाना उना बरं, आते उना." बटण दाबलेलंच राहिलंय, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मी सेटला कान लावून बसलो.

माणूस वाचला. शेठने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "सेट परदेशी आहे, म्हणून जमलं." आणि टपाला भोक असलेली गाडी शोभत नाही म्हणून जीप विकून टाकली. नव्या गाडीत सेट बसवला नाही, शेठच्या कमरेला पेजर आला. भाऊंना माल वाहायच्या टेम्पोवर टाकलं. थोडे दिवस त्यांनी तो मुकाट्याने चालवला आणि एक दिवस आलेच नाहीत. लिंबायतची खोलीही सोडली होती. या माणसाला काही न बोलता जाता येतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढे भाजलेल्या त्या माणसाची बायको ऑफिसात आली. फडक्यात बांधलेल्या डब्यात मांडे होते. "ते ड्रायव्हरभाऊ कोठे शेतस?" तिने विचारलं.

मी सांगितलं, काम सोडून गेले, कुठे ते ठाऊक नाही.

"येतीन ना पण?" ती म्हणाली. माझ्या उत्तरासाठी ती थांबली नाही. गेटकडे तोंड करून बाकावर बसली आणि मांडे गार होऊ नयेत म्हणून डब्यावरचं फडकं पुन्हा घट्ट बांधू लागली.