जिभाऊंचा निकाल

जिभाऊंच्या आधी मिरचीबद्दल कोणी बोलायचं नाही, हे नंदुरबारच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. जिभाऊ म्हणजे माझे वडील, मिरचीचे दलाल. पथारीवरची एक वाळकी मिरची उचलायची, देठाकडून मोडायची, दाताखाली धरायची आणि डोळे मिटायचे. तेवढ्यात कोणी 'माल झकास' म्हणालंच तर ते हात वर करत. "बोलू नको भाऊ. आयकेल चव जिभवर बसी जास."

दारूचंही तसंच. तळोद्याहून त्यांचे एक स्नेही मोहाची बाटली आणत. जिभाऊ थोडी तळहातावर चोळत, हुंगत आणि दोनच घोट घेत. "पहिला घोट जीभ धुवाले, दुसरा निकाल देवाले." मला फक्त तो तळहात हुंगायला मिळे, आणि वर आईची बोलणी. त्या हुंगण्यातूनच मी पुढे नाशिककडच्या एका दारूच्या कारखान्यात चव पाहणारी झाले. नातेवाइकांना आई अजून 'केमिस्ट आहे' असंच सांगते.

मग जिभाऊंच्या गळ्यात गाठ निघाली. सुरतेला किरणांचे शेक दिले. गाठ विरली, पण चव गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. त्या 'हळूहळू'वर आम्ही दिवस ढकलत होतो. जिभाऊ खिचडी, दूध, औषध सगळं एकाच चेहऱ्याने गिळत. कशी झाली, असं विचारलं की म्हणत, "चांगली शे." इतका गुळमुळीत निकाल त्यांनी आयुष्यात दिला नव्हता. तो ऐकून मला रडू यायचं.

दिवाळीला मी कारखान्यात आलेली एक अमेरिकन बर्बन घरी नेली. मक्याची दारू म्हटल्यावर जिभाऊ हसले. "आपला आठे मका ढोरे खातस." मग तळहातावर चोळली, हुंगली, पहिला घोट, दुसरा घोट. डोळे मिटून म्हणाले, "कवळी शे. लाकूड पुढे पळी ऱ्हायनं, दारू मांगे ऱ्हायी गई. आखो पिपमा ठेवाले पाहिजे व्हती."

कारखान्यात माझा निकालही तंतोतंत हाच होता. नव्या, आतून जाळलेल्या पिंपाचं करकरीत लाकूड, आणि त्याच्याखाली दबलेला कच्चा गोड मका. चव परत आली! भावाला कळवायला मी फोन घेऊन उठले, तर आईने स्वयंपाकघरात माझा हात धरला. "नको करू फोन. तू माले फोनवर त्या बाटलीनी चव सांगी, तवय तुन्हा जिभाऊ बाजूलेच बठेल व्हतात. तवयपासून तेच पाठ करी ऱ्हायनात."

जन्मभर दुसऱ्याचा शब्द कानावर पडू न देणारा माझा बाप माझेच शब्द पाठ करत बसला होता. कशासाठी, तर मला बरं वाटावं म्हणून. मी बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "बरोबर, जिभाऊ."

पुढे मी नेमच धरला. नवा नमुना आला की आईला फोन लावायचा आणि त्याची चव मोठ्याने, सावकाश सांगायची. सुट्टीत बाटली घेऊन जायचं. जिभाऊ निकाल द्यायचे. तो कधी चुकला नाही.

गाठ पुन्हा आली. कळताच मी हाताला लागलेली एका नव्या बर्बनची बाटली घेऊन निघाले. फोन करून तिची चव सांगायचं सुचलं नाही. जिभाऊंच्या घशाखाली घोट उतरतच नव्हता. मी त्यांच्या तळहातावर थोडी बर्बन चोळली आणि तो हात त्यांच्या नाकाशी नेला. जिभाऊ हळूच म्हणाले, "आज काय सांगू, माय?"

चवीला शब्द देणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी त्यांचा तळहात लहानपणीसारखा स्वतःच्या नाकाशी नेला आणि हुंगला. जिभाऊ तसेच वाट पाहत राहिले.