साडूंचे रबरी बुश

आमच्या थोरल्या साडूंइतका चिकित्सक माणूस सांगली जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि नसलेलाच बरा. लष्करात गाड्या दुरुस्त करून ते आष्ट्याला परतले ते, आपल्याविना जगातलं प्रत्येक यंत्र बिघडलेलंच आहे अशा खात्रीनं. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास त्यांचा पुतण्या अमेरिकेहून आला आणि जाताना चाकं लावलेली एक फळी, स्केटबोर्ड, मागं ठेवून गेला. तिच्यावर उभं राहून ज्या बाजूला झुकावं तिकडं ती वळते. ही करामत चाकांच्या दांड्यांवर बसवलेल्या रबरी बुशांची, म्हणजे दबणाऱ्या जाड कड्यांची. साडूंच्या सव्वादोन मणांखाली ते पहिल्याच दिवशी चिरडले.

मग वर्षभर साडू सांगलीत सुट्या भागांच्या दुकानांतून हिंडले. जीपचे, मोटारसायकलींचे बुश ते नखानं दाबत, हुंगत आणि शेवटी दाढेखाली धरून चावत. एका दुकानदारानं तर चावलेला माल परत घेतला जाणार नाही अशी पाटीच लावली. मऊ रबरानं फळी दारुड्यासारखी झुलायची, कडक रबरानं वळायचीच नाही. अखेर जीपचे कडक बुश कापून, घासून त्यांनी बसवले. आता ते मुरवायचे होते. रोज सकाळी सोप्यातल्या खांबाला धरून साडू तासभर फळीवर डावी-उजवीकडं झुलत. "रबराला आपलं वजन कळाय पायजे," असं ते मला बजावत. मला कशातलंच काही कळत नाही, हे त्यांचं लाडकं मत.

साडूंच्या मुलीला बघायला वडूजचे पाहुणे आले तेव्हाही ते झुलतच होते. मी उतरायला विनवलं, तर मध्येच सोडलं की रबर बिघडतं म्हणाले. बोलणी झुलतच सुरू झाली.  शेवटी मुलाच्या वडिलांनी विचारलं, "आवं पावणं, तुमी न्हाई म्हणताय, का नुसती मान हलतीया?"

आत मेहुणी रडकुंडीला आली होती. मुलगी मात्र चहा घेऊन बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "आबा, रबर माझ्यापरीस म्हत्त्वाचं हाय व्हय?"

साडू उतरले. कुणाचं ऐकून माघार घेताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. पोरीचा तो प्रश्नच आवडला, असं मुलाच्या वडिलांनी लग्न ठरल्यावर सांगितलं.

ती सासरी गेल्यावर एका सकाळी साडू मला माळावरच्या डांबरी उतारावर घेऊन गेले. फळी डावीकडं वळली, उजवीकडं वळली, कुठं अडली नाही. धापा टाकत ते वर आले. आता रबरावर तासभर व्याख्यान ऐकायचं, म्हणून मी बूड टेकलं. ते शेजारी बसले आणि त्यांनी फळी बाजूला सारली. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "वडूजची यष्टी किती वाजता असती रं?"